तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

"दोनदा विचारलं मी तिला. दोनदा! आता काय गुडघे टेकून विचारू?"

गुडघे टेकले होते वृंदानं. फलाटाच्या खाली, रुळांच्या कडेला, चिखलात. फलाटाच्या दगडांच्या फटीत रुजलेलं एक दांडगं तण ती खुरप्यानं उकरत होती. पानं दिसायला चुक्यासारखी, मूळ मात्र गाजराएवढं लांब. आवाज तिच्या डोक्यावर दीड हातावर होता. बोलत होती डियर्ड्रा, स्टेशन समितीची सेक्रेटरी, आणि ऐकत होता मिक, समितीचा अध्यक्ष आणि शेजारच्या चाळीस मेंढ्यांचा मालक.

"आपल्यात कसं," डियर्ड्रा पुढे म्हणाली, "दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पण ब्रेंडा पडली लांबची. त्यांच्यात नको म्हणजे नकोच असणार. उगीच भरीस घातलं तर बिचारीला नाही म्हणायची चोरी."

"कॉफीच्या गाडीवालीनं तरी तोंडानं मागितलंय," मिक म्हणाला. "रविवारी जपानी पाहुणे जेवून गेले की तिला खोली देऊन टाकू. मागेल त्याला द्यावं, झालं."

वृंदाच्या हातातलं मूळ अर्धवट निघालेलं तसंच राहिलं. ब्रेंडा म्हणजे तीच. तीन वर्षांपूर्वी डियर्ड्रानं पहिल्यांदा नाव विचारलं, तेव्हा वारा होता. वृंदाचं ब्रेंडा झालं आणि दुरुस्त करायला बरं वाटेना म्हणून तसंच राहिलं. आता तर गावातला पोस्टमनसुद्धा ब्रेंडा म्हणून हात करायचा.

आमच्यातही तसंच असतं गं बाई, असं ओरडावंसं तिला वाटलं. पण ओरडायचं तर आधी उभं राहावं लागलं असतं, आणि उभं राहिलं असतं तर ती इतका वेळ खाली बसून ऐकत होती हे दिसलं असतं. म्हणून ती बसून राहिली. वरच्यांनी आधी पावसावर, मग मेंढीच्या खुरांवर बोलून घेतलं. पाणी पँटमधून मांडीपर्यंत चढलं. ते दोघं गेल्यावर ती उठली तेव्हा गुडघ्यांनी असा आवाज केला की पलीकडे रूळ बदलायच्या सांध्यापाशी वाकलेल्या सासऱ्यांनी मान वर केली.

"काय झालं वं सूनबाई?"

"काही नाही, आबा."

"काही नाई तं तोंड काहून तसं?"

"पाणी गेलं बुटात."

आबांनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा तेलाची बुधली उचलली.

ड्रमकीराचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक पाण्याची टाकी, दोन खोल्या आणि दोनशे पावलं रूळ. गाडी येऊन सत्तर वर्षं होत आली होती. एके काळी इथून मेंढ्या जायच्या, लोणी जायचं आणि बोटीनं परदेशी निघालेली गावातली निम्मी पोरं जायची. मग एका हिवाळ्यात शेवटची गाडी गेली आणि फलाटावर काटेरी झुडपं आली. दहाबारा वर्षांमागं गावातल्या लोकांनी ती तोडली, गंजलेले रूळ बसवले आणि पाटी रंगवली. पुढं एक जपानी सायकलवाला पावसात अडकून इथं थांबला. आमच्या डोंगरातलं स्टेशन अगदी असंच, तिथंही गाडी येत नाही, असं त्यानं सांगितलं. पत्रं सुरू झाली. आता त्या कोमेनोसे नावाच्या स्टेशनाशी ड्रमकीराची सोयरीक जमत होती, आणि रविवारचे पाहुणे त्यासाठीच येणार होते.

"दोन्हीकडं गाडी येत नाही," मिक सगळ्यांना सांगायचा, "म्हणजे लेट व्हायचा प्रश्नच नाही."

वृंदाचा जीव अडकला होता तो मधल्या खोलीत, जुन्या वेटिंगरूममध्ये. तिथं एक शेगडी होती, भिंतीला धरून लाकडी बाक होतं आणि तिकिटाची खिडकी होती, सरकत्या झडपेची. समितीला तिथं चहाची खोली काढायची होती. झडप सरकवायची आणि तिकिटाच्या जागी बशीत गरम वडा पुढं करायचा, हे वृंदानं दोन वर्षांपूर्वीच मनात ठरवून टाकलं होतं. गेल्या दोन वर्षांत तिनं त्या खोलीची जमीन तीनदा घासली होती, भिंतींना चुना दिला होता. खिडकीचा कट्टा सहा विती भरतो, हेही तिला ठाऊक होतं. कुणी बघत नसताना मोजला होता तिनं. निदान तिला तसं वाटत होतं.

मार्चात डियर्ड्रानं विचारलं, "ब्रेंडा, तूच का नाही चालवत ही खोली?" आणि वृंदाच्या तोंडून आपोआप निघालं, "नो नो, आयॅम ग्रँड." म्हणजे, नको, माझं बरं चाललंय. पहिल्या बोलावण्याला कोण हो म्हणतं? हावरट दिसतं ते. आठवड्यानं पुन्हा विचारणं झालं. तेव्हाही ती म्हणाली, मला कुठं जमतंय. तिसऱ्या वेळेसाठी मात्र तिनं उत्तर तयार ठेवलं होतं, बाथरूमच्या आरशापुढं म्हणून पाहिलं होतं: तुम्ही इतकं म्हणताय तर बघते. डियर्ड्रा आलीही होती, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मिकचा फोन आला, मेंढी अडली होती. डियर्ड्रा धावली. पुढच्या आठवड्यात दारावर नोटीस लागली, की चहाची खोली कुणी चालवायला घेईल का.

फलाटाखाली ऐकलं त्या रात्री जेवताना आधी कुणी विषय काढला नाही. तिचा नवरा पद्माकर डंडॉक शहरातल्या ऑफिसातून दमून आला होता. सानिका, चौदा वर्षांची, ताटाशेजारी फोन पालथा घालून बसली होती, म्हणजे तिनं घरचा नियम पाळलाय असं दिसावं. वरण झालं, भात झाला. मग आबांनी लिंबाची फोड पिळता पिळता विचारलं,

"थे खोली कोणाले देऊन राह्यले म्हणे?"

"कोशिंबीर घ्या ना, आबा," वृंदा म्हणाली.

"घेतली ना वं."

"अजून घ्या."

पद्माकरनं तिच्याकडं पाहिलं. "मी बोलू का डियर्ड्राशी? एक मेल टाकतो."

"नको नको. तुम्ही कशाला?" एरवी ती त्याला नावानं हाक मारायची, पण आबा असले की तो 'अहो' आणि 'तुम्ही' व्हायचा. "मला काही इतकं नाही त्याचं."

"आई, यू मेझर्ड द विंडो," सानिका म्हणाली. "लाइक, ट्वाइस."

"ताट उचल."

शुक्रवारी पाऊस. इथल्या पावसाला पडण्याची घाई नसते, तो नुसता हवेत उभा राहतो आणि माणसाला आपल्यातून चालायला लावतो. चुना वाळेना. पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांचे ओघळ खाली आले आणि ड्रमकीराच्या नावाला दाढी फुटल्यासारखं दिसू लागलं. वृंदा शिडीवर उभी राहून फडक्यानं ती दाढी करत होती.

खाली आबा सांध्याशी झुंजत होते. ते वऱ्हाडातल्या छोट्या रुळाच्या गाडीवर एकतीस वर्षं सांधेवाले होते. ती गाडीही केव्हाच बंद पडली होती. तीन महिन्यांसाठी लेकाकडं आले, तेव्हा पहिला आठवडा खिडकीत बसून काढला. दुसऱ्या आठवड्यात वृंदा त्यांना स्टेशनवर घेऊन आली. रुळांजवळ जाऊन त्यांनी आधी दोन्ही हातांनी मधलं अंतर मोजलं आणि म्हणाले, "आपलं अडीच फूट होतं. हे तीन हाय. मोठ्या घरचे दिसतात." तेव्हापासून ते रोज इथंच. सांध्याचा खटका समितीनं शोभेसाठी बसवला होता. तो कधी हललाच नव्हता. आबा रोज त्याला तेल पाजत, तारेच्या ब्रशनं घासत आणि दोन्ही हातांनी ओढून बघत. हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले.

"हलला का हो, आबा?"

"मनात आलं हाय त्याच्या. आंगात नाई आलं अजून."

डियर्ड्रा छत्री घेऊन आली आणि भिंतीवर रविवारचा तक्ता लावून गेली. घंटा मिककडं, भाषण मिककडं, स्कोन नावाचे गोड पाव आणि कॉफी शिनेडच्या गाडीकडं. सगळ्यांत खाली, पेनानं नंतर घातलेलं: ब्रेंडा, भजी आणि भांडी.

वृंदा शिडीवरून उतरली. आता सहज बोलल्यासारखं काढायचं, असं तिनं ठरवलं.

"खोली छान झालीय ना," ती डियर्ड्राला म्हणाली.

"सुरेखच. तुझ्यामुळंच."

"कुणीतरी नीट सांभाळायला हवी."

"हो ना," डियर्ड्रा म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन अडलं. "तू... म्हणजे तुला काही..."

"नाही नाही," वृंदा घाईनं म्हणाली. "मी आपलं सहज."

"अगं, यू आर ग्रँड," डियर्ड्रा तितक्याच घाईनं म्हणाली. दोघीही सुटल्यासारख्या हसल्या. डियर्ड्रा गेली. वृंदानं स्वतःच्या कपाळावर हात मारला तर हाताला पांढरा रंग होता.

"बाप्पा!" खालून आबा म्हणाले. "भस्म लावलं का वं?"

शनिवारी शिनेड आली. कॉफीची गाडी चालवणारी, लाल केसांची, तिशीतली, हसरी मुलगी. वाईट असती तर बरं झालं असतं, पण नव्हती. तिनं खोलीत शिरल्याशिरल्या भिंतींचं कौतुक केलं आणि खिशातून टेप काढला.

"हे जरा धरशील का, ब्रेंडा?"

आणि वृंदानं धरलं. तिकिटाच्या खिडकीच्या कट्ट्याचं एक टोक, जे तिला वीतवीत पाठ होतं, ते तिनं अंगठ्यानं दाबून धरलं आणि दुसऱ्या टोकाला शिनेड आकडा वाचत राहिली. अंगठा पांढरा पडेपर्यंत वृंदानं तो दाबला. जणू तेवढ्यानं कट्टा हलणार नव्हता.

"माझं मशीन बसायला जरा अडचण आहे," शिनेड ओठ चावत म्हणाली. "आणि ही झडप काढावी लागेल."

"झडप?" वृंदा म्हणाली.

"हो ना. काय कामाची ती?"

वृंदानं टेपचं टोक सोडलं. ते सळसळत जाऊन शिनेडच्या बोटांवर आपटलं. "सॉरी, सॉरी," वृंदा म्हणाली. आणि मनातून तिला आठवडाभरात पहिल्यांदाच बरं वाटलं.

दारात आबा उभे होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण टेप कळत होता. शिनेड गेल्यावर ते आत आले आणि शेगडीपाशी टेकले.

"सूनबाई, आमचा मास्तर होता ना, लय खडूस. खोलीतून वरडायचा, सांधा लागला का? मी मान हलवली की शिव्या घालायचा. मान काय हलवतं म्हणे, मी आंधया असतो तं? तोंडानं म्हण! मंग म्या वरडून म्हणावं, लागला! तवा कुठं सिग्नल पडायचा."

"बरं मग?"

"मंग काय. सांगून राह्यलो आपला." ते गुडघ्यावर हात रेटून उठले. "बटाटे किती उकडायचे, थे सांग."

बारा किलो बटाटे उकडले. पद्माकरनं सोलले, बोटं भाजली, इंग्रजीत शिव्या दिल्या. सानिकानं कोथिंबीर निवडली, देठांसकट. वृंदानं कपाटातली सगळ्यांत मोठी कढई काढली. तक्त्यावर भजी लिहिली होती. ती वडे करणार होती. तेवढं तरी तिनं कुणाला विचारलं नाही.

रविवारी चक्क ऊन पडलं. गावातले लोक आकाशाकडं संशयानं बघत कोट हातावर घेऊन आले. पाहुणे दोघंच होते. मोरिशिता नावाचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, कोमेनोसेचे शेवटचे स्टेशनमास्तर, अंगानं चिमणीएवढे, डोक्यावर जुनी नोकरीतली टोपी. आणि त्यांची भाची मिसाकी, जी त्यांचं बोलणं इंग्रजीत करून सांगायची.

डियर्ड्रानं वड्यांची बशी पुढं केली. मोरिशितांनी नाकापुढं हात हलवला.

"ते म्हणतात, तुम्ही त्रास घेऊ नका," मिसाकी म्हणाली.

डियर्ड्रानं बशी मागं घेतली, पुन्हा एकदा भीतभीत पुढं केली. पुन्हा हात हलला. डियर्ड्रानं निराश होऊन बशी टेबलावर ठेवली. वृंदानं पाहिलं, म्हाताऱ्याचे डोळे बशीबरोबर टेबलापर्यंत गेले आणि तिथंच राहिले.

आबांनीही पाहिलं होतं. ते उठले. "नको म्हणते तो. डोये पाह्य ना त्याचे!" असं म्हणून त्यांनी एक वडा उचलला आणि सरळ मोरिशितांच्या हातात कोंबला. म्हातारबुवा दचकले, वाकले आणि तीन घासांत वडा संपवला. मग दुसरा. मग तिसरा, चटणी लावून.

"ही वॉज ओन्ली बीइंग पोलाइट, लाइक," सानिका डियर्ड्राला म्हणाली. "माय मॉम डझ दॅट द होल टाइम."

डियर्ड्राची मान हळूहळू वृंदाकडं वळली. तिचं तोंड उघडलं. आरशापुढचं वाक्य जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं.

तेवढ्यात मिकनं घंटा बडवली. भाषण होतं.

मिकचं झाल्यावर मोरिशिता बोलले, अगदी हळू, आणि मिसाकी सांगत गेली. कोमेनोसेचा रूळ डोंगरातलं लाकूड आणि कोळसा खाली न्यायला टाकला होता. मग लाकूड संपलं, माणसं शहरात गेली, गाडीला एकच डबा उरला. एका पुरात नदीवरचा पूल वाहून गेला आणि तो पुन्हा बांधायचा नाही असं ठरलं. गावात चौदा घरं राहिली. पण फलाट रोज झाडला जातो, पाळी लावून. आणि सकाळच्या पहिल्या गाडीच्या वेळेला ते स्वतः टोपी घालून उभे राहतात आणि पूर्वीसारखंच एकेका गोष्टीकडं बोट दाखवून मोठ्यानं म्हणतात. सिग्नल, नाही. गाडी, नाही. फलाट, झाडलेला. मग घरी जाऊन नाश्ता करतात.

लोक हसले, मग हसायचे थांबले.

"बोट का दाखवायचं?" मिकनं विचारलं.

"कारण मनातल्या मनात म्हटलं की माणूस चुकतो," मिसाकीनं सांगितलं. "त्यांच्या कामाचा तो नियम होता. बोट दाखवायचं आणि आपण आपल्या कानांनी ऐकू एवढ्या मोठ्यानं म्हणायचं. शेवटी म्हणायचं, योशि. म्हणजे, ठीक."

तिनं हे सांगेपर्यंत मोरिशिता सांध्यापाशी पोचले होते. आबा तिथं खटक्याला हात लावून तयारच उभे. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. मोरिशितांनी सांध्याकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं. आबांनी पाय रोवले, खांदा दिला, ओढलं. दंडाच्या शिरा वर आल्या. खटाक! सत्तर वर्षांनी या स्टेशनात लोखंड लोखंडाला टेकलं.

"लागला!" आबा फलाटभर ऐकू जाईल असं ओरडले.

"योशि!" मोरिशिता ओरडले.

मग खेळच सुरू झाला. मोरिशिता एकेकाला पुढं बोलवायचे, तो बोट दाखवून ओरडायचा आणि सगळे म्हणायचे, योशि! शिनेड पुढं आली. "माझी गाडी, बाहेर उन्हात, ग्रँड!" योशि! पद्माकर म्हणाला, "टाकी, गळतेय!" योशि! मिकनं बोट वर केलं आणि त्याचा आवाज बदलला. "मेंढ्या! रुळावर मेंढ्या!" खरंच तीन मेंढ्या कुंपणातून घुसून वृंदानं लावलेली फुलं खात होत्या. हाकलाहाकली झाली. हसूनहसून डियर्ड्रानं डोळे पुसले.

मोरिशितांनी वृंदाकडं पाहून हात केला.

"नको नको," ती म्हणाली.

आबांनी खटक्यावरूनच तिच्याकडं पाहिलं.

ती पुढं झाली. हाताला बटाट्याचा, हिंगाचा वास होता. बोट वर केलं तेव्हा ते कुठं जाणार हे तिला माहीत होतं. तरी ते गेलं आणि तिकिटाच्या खिडकीवर थांबलं, तेव्हा तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं.

"ती खोली..." ती म्हणाली आणि थांबली.

मोरिशितांनी कानामागं हात धरला.

"ती खोली मला..." या वेळी ते जेमतेम डियर्ड्रापर्यंत गेलं असेल. डियर्ड्राचा हात तोंडावर गेला होता. कुठंतरी एक मेंढी ओरडली.

मोरिशितांनी मान हलवली, चालणार नाही अशी, आणि कानामागचा हात तसाच ठेवला.

वृंदानं पाय रोवले.

"ती खोली मला पाहिजे!"

मराठीत म्हणाली की इंग्रजीत, हे तिला नंतर किती आठवलं तरी आठवेना. पण फलाटावरच्या सगळ्यांना, शिनेडला आणि मेंढ्यांनासुद्धा, ते कळलं.

"योशि!" म्हातारा टोपी सावरत ओरडला.

पण वृंदाचं बोट अजून खाली आलं नव्हतं. ते वळलं आणि तिच्या स्वतःच्या छातीवर टेकलं.

"आणि ही वृंदा," ती डियर्ड्राला म्हणाली. "ब्रेंडा नाही. वृंदा."